तीमथ्याचा पेला : थोड्या मद्याच्या आरोग्यगुणाचा इतिहास

संत पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक लहानशी सूचना आहे. वडीलजनांवरील आरोपांची चौकशी कशी करावी, कोणाच्याही मस्तकावर घाईने हात ठेवू नयेत, असे गंभीर विषय चालू असताना पौल मध्येच थांबतो आणि नुसत्या पाण्यावर न राहता पोटासाठी व वरचेवर होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जावा, असे आपल्या शिष्याला सुचवतो. पुढल्याच वाक्यात तो पुन्हा मूळ विषयाकडे वळतो. पित्याने आजारी मुलाला द्यावा तसा हा घरगुती सल्ला आहे. परंतु पवित्र शास्त्रातील ज्या वचनांचा माणसांनी आपल्या सोयीसाठी सढळ हाताने वापर केला, त्यांत या सूचनेचा क्रमांक बराच वर लागेल.

लग्नाच्या मांडवात, नामकरणाच्या जेवणात, नाताळच्या भेटीगाठींत हे वचन आम्हांस अनेकदा ऐकविले जाते. गेल्या तीसपस्तीस वर्षांत त्याच्या जोडीला आणखी एक साक्षीदार आला आहे. तो म्हणजे डॉक्टर. “फादर, थोडी घेतलेली हृदयाला चांगली असते, असे आता विज्ञानच सांगते,” हे वाक्य शिकलेल्या माणसाच्या तोंडी हमखास येते. एका हाती शास्त्रवचन आणि दुसऱ्या हाती वैद्यकाचा दाखला असल्यावर मधल्या पेल्याला कोण हरकत घेणार? म्हणूनच हा वैद्यकीय दाखला कोठून आला, तो कोणी दिला आणि आज त्याची किंमत किती उरली आहे, हे इतिहासाच्या आधाराने पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

औषधाच्या कुपीत

द्राक्षारस हे प्राचीन जगाचे औषध होते, यात शंका नाही. हिप्पोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत तो अनेक उपचारांत सांगितला आहे. प्रभू येशूच्या दाखल्यातील दयाळू शोमरोनी जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. बेन सिराच्या बोधग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात द्राक्षारस मर्यादेत घेतला तर जीवनदायी आणि मर्यादा सोडली तर कडू, अशी दोन्ही बाजूंची शिकवण आहे. आपल्याकडे चरकसंहितेतही मद्याचा विचार आहे. परंतु त्याच ग्रंथात मदात्यय, म्हणजे मद्यामुळे होणाऱ्या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे, हे विसरता येत नाही.

मात्र तेव्हाचा पेला आणि आजचा पेला यांत अंतर आहे. ग्रीक आणि रोमन लोक द्राक्षारसात पाणी मिसळून पीत. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा शेवटचा परिच्छेद या मिश्रणाचा उल्लेख करतो आणि आजही मिस्साबलिदानात आम्ही कटोऱ्यातील द्राक्षारसात पाण्याचे थेंब घालतो, त्यामागे अन्य अर्थांबरोबर ही जुनी रीतही आहे. ज्या काळी विहिरीच्या पाण्याचा भरवसा नव्हता आणि ज्वरावर दुसरे औषध हाताशी नव्हते, त्या काळी पौलाचा सल्ला समंजस होता. तो एका माणसाला, एका दुखण्यासाठी, थोड्या प्रमाणात दिलेला होता.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या चाळिसाव्या प्रकरणात दररोज एक ‘हेमिना’, म्हणजे एक ठरावीक माप द्राक्षारस त्याने मान्य केला आहे. तो मान्य करताना त्याची नाखुशी लपत नाही. संन्याशांना मद्य शोभत नाही. पण आमच्या काळच्या संन्याशांना हे पटवून देणे अशक्य असल्याने निदान पोटभर तरी पिऊ नये, असा त्याचा सूर आहे. मर्यादेचा हा नियम शरीराच्या लाभासाठी केलेला नाही, तर मानवी दुर्बलतेशी केलेली ती तडजोड आहे. बेनेडिक्टचा हा प्रामाणिकपणा पुढच्या अनेक शतकांना साधला नाही.

जीवनजल आणि शपथ

मध्ययुगात ऊर्ध्वपातनाची, म्हणजे मद्य उकळून त्याचा अर्क काढण्याची विद्या युरोपात पसरली. या अर्काला वैद्यांनी ‘आक्वा विटे’, म्हणजे जीवनजल असे नाव दिले. आयरिश भाषेत त्याच अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरूनच व्हिस्की हे नाव आले. प्रथम ते औषधाच्या दुकानात थेंबाथेंबाने मिळत होते. अठराव्या शतकात लंडनच्या गल्लीबोळांत जिन नावाची स्वस्त दारू इतकी माजली, की १७५१ साली पार्लमेंटला तिला आवर घालणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी विल्यम होगार्थ या चित्रकाराने दोन चित्रे प्रसिद्ध केली. एकात जिनच्या गल्लीची दुर्दशा, तर दुसऱ्यात बिअर पिणाऱ्यांच्या रस्त्याची भरभराट दाखविली होती. ‘वाईट दारू’ आणि ‘चांगली दारू’ अशी विभागणी करण्याची आपली सवय किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. बेंजामिन रश यांनी १७८४ साली जहाल मद्याच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहिली. पण बिअर आणि वाइन माफक प्रमाणात हितकर असल्याचे त्यांचे मत होते. १८०४ मध्ये ब्रिटिश आरमाराचे वैद्य थॉमस ट्रॉटर यांनी मद्यासक्ती हा मनाचा रोग आहे, असे मांडले. पुढे लंडनचे डॉ. फ्रान्सिस अँस्टी यांनी प्रौढ पुरुषाला दिवसाकाठी सुमारे दीड औंस शुद्ध मद्यार्क ही वरची मर्यादा घालून दिली. ‘अँस्टीची मर्यादा’ या नावाने ती ओळखली गेली आणि आयुर्विमा कंपन्यांनी ती उचलून धरली. ‘माफक’ या शब्दाला आकडा चिकटला तो तेव्हापासून. अँस्टींनी ही मर्यादा आखली ती तिच्यापलीकडे जाऊ नये म्हणून. लोकांनी मात्र तेथवर जाण्याची मुभा म्हणून ती वाचली.

ख्रिस्तसभेतही याच काळात मोठी जागृती झाली. आयर्लंडमधील कॉर्क शहरात कपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १० एप्रिल १८३८ रोजी संपूर्ण मद्यत्यागाच्या शपथेवर सही केली आणि पुढील काही वर्षांत लाखो लोकांनी त्यांच्यासमोर गुडघे टेकून तीच शपथ घेतली. पण गर्दीने घेतलेली शपथ गर्दीबरोबरच ओसरली. फादर मॅथ्यू १८५६ साली निवर्तले, तोवर चळवळीचा जोर सरला होता. या अनुभवातून धडा घेऊन येशूसंघीय फादर जेम्स कलन यांनी १८९८ साली डब्लिनमध्ये ‘पायोनियर’ संघटना काढली. तिच्या सभासदांनी येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह छातीवर लावून आजन्म मद्यत्याग करायचा होता, आणि तो करायचा होता व्यसनी बांधवांसाठी प्रार्थना व प्रायश्चित्त म्हणून. आपल्या प्रकृतीसाठी काही सोडण्याचा येथे प्रश्नच नव्हता. या वेगळेपणाकडे आम्ही शेवटी पुन्हा वळू.

आकड्यांचा वळसा

अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. तिच्या ऐन भरात, १९२६ साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल यांनी मद्य आणि दीर्घायुष्य या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. भरमसाट पिणारे लवकर मरतात हे त्यात होतेच. पण माफक पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगत नाहीत, उलट किंचित अधिकच जगतात, असेही त्यात दिसले. आलेखावर मांडल्यास ही रेषा इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी दिसते. आधी थोडी खाली उतरते आणि मग चढत जाते. थोड्या मद्याच्या आधुनिक आरोग्यकथेचे मूळ येथे आहे.

१९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी हृदयरोगाचा प्रदीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यातही अशीच रेषा दिसू लागली. मद्यपानाला उत्तेजन मिळेल या भीतीने हा निष्कर्ष १९७२ च्या सुमारास प्रसिद्ध करू दिला गेला नाही, अशी हकीकत त्या अभ्यासातील संशोधक कार्ल सेल्ट्झर यांनी १९९७ साली सांगितली. सत्य दडपून सद्गुण वाढत नाही. दडपलेली गोष्ट बाहेर आली, की ती आहे त्याहून मोठी वाटते. १९७४ साली कॅलिफोर्नियातील डॉ. आर्थर क्लॅट्स्की यांनी न पिणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके अधिक आढळतात, असे दाखविले. १९७९ मध्ये सेंट लेजर, कॉक्रन आणि मूर या ब्रिटिश संशोधकांनी अठरा प्रगत देशांचे आकडे मांडले. जेथे वाइन अधिक, तेथे हृदयविकाराचे मृत्यू कमी, असे चित्र त्यातून दिसले.

हे सारे विद्वानांच्या नियतकालिकांतून होते. १७ नोव्हेंबर १९९१ रोजी अमेरिकेच्या सीबीएस दूरचित्रवाणीने ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात फ्रेंच लोकांचे कोडे लाखो घरांत पोहोचविले. लोणी, चीज, मांस खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी का? फ्रेंच संशोधक सर्ज रनो यांचे उत्तर होते, वाइन. त्यांचा शोधनिबंध १९९२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, पण त्याआधीच अमेरिकेत तांबड्या वाइनची विक्री झपाट्याने वाढली होती. आपल्या मांडवातले ‘विज्ञानच सांगते’ हे वाक्य याच लाटेबरोबर किनाऱ्याला लागले.

न पिणारे कोण?

परंतु संशयाचे बीजही लवकरच पडले होते. १९८८ साली ब्रिटनमधील प्राध्यापक जेराल्ड शेपर यांनी एक साधा प्रश्न विचारला. न पिणारे म्हणून ज्यांची गणना होते, ते नेमके कोण?

आपल्या वाडीचेच उदाहरण घेऊ. येथे न पिणारी दहा माणसे मोजली, तर त्यांतील काहींनी कधीच पेल्याला हात लावलेला नसतो. पण काही असे असतात, की ज्यांनी उमेदीत पुष्कळ घेतली आणि यकृत बिघडले, साखर वाढली किंवा हृदयावरची गोळी सुरू झाली, म्हणून सोडली. या आजारी माणसांना न पिणाऱ्यांत घातले, की तो गट साहजिकच रोगट दिसणार, आणि शेजारचा दोन पेले घेणारा धडधाकट! त्याचा धडधाकटपणा पेल्याचे फळ नसते. धडधाकट असल्यामुळेच त्याला अजून पेला परवडत असतो. शिवाय पाश्चात्त्य देशांत माफक पिणारे पुष्कळदा अधिक शिकलेले, अधिक सुस्थितीतले आणि वेळेवर डॉक्टरकडे जाणारे असतात. त्याचे श्रेयही मद्याच्या खात्यावर जमा झाले.

केय फिलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली जुने चोपन्न अभ्यास तपासले, तेव्हा ही चूक टाळलेले केवळ सातच आढळले. आणि त्या सातांत थोड्या मद्याचा लाभ दिसत नव्हता. २०२३ साली एकशे सात अभ्यासांची, म्हणजे अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक माणसांची छाननी झाली. थोड्या मद्याने आयुष्य वाढते, असे तिच्यातून सिद्ध झाले नाही.

त्याहून चतुर कसोटी निसर्गाच्या चिठ्ठीची होती. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांत जन्मतःच एक जनुक असे असते, की थोडे मद्य घेताच चेहरा लाल होतो, मळमळते आणि माणूस आपोआप कमी पितो. हे जनुक गरीब-श्रीमंत पाहून मिळत नाही. चीनमधील पाच लाख लोकांच्या अभ्यासातील सुमारे एक लाख साठ हजारांची जनुके तपासून २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. पुरुषांत मद्याचे प्रमाण वाढेल तसा रक्तदाब व पक्षाघाताचा धोका वाढतच जातो. मध्ये कोठेही लाभाचा खळगा नाही. तेथील स्त्रिया क्वचितच पितात, आणि त्यांच्यात तेच जनुक असूनही हा फरक दिसला नाही. दोष जनुकाचा नसून मद्याचाच, हे त्यावरून स्पष्ट झाले.

कर्करोगाची बाजू तर पूर्वीच ठरली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्य हे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. म्हणजे ‘सिक्स्टी मिनिट्स’ने वाइनचे गुण गाण्याच्या तीन वर्षे आधी! ती बातमी मात्र मांडवात पोहोचली नाही.

वादाचा शेवट करण्यासाठी अमेरिकेत सुमारे दहा कोटी डॉलरांचा एक मोठा प्रयोग आखला गेला होता. काही लोकांना रोज एक पेला द्यायचा आणि काहींना मुळीच नाही. त्याचा बराच पैसा मद्यउद्योगाकडून येत होता आणि अधिकाऱ्यांनीच तो मागितला होता, हे उघड झाल्यावर जून २०१८ मध्ये प्रयोग बंद करण्यात आला. १९७२ साली नैतिक धाकाने सत्य झाकले असेल, तर या वेळी धनाच्या मोहाने ते वाकण्याचा धोका होता.

जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जाहीर केले. विरुद्ध बाजूही सांगणे न्यायाचे होईल. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने माफक पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचे प्रमाण कधीच न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसते, असा अहवाल दिला. त्याच अहवालात स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही नमूद आहे. तेव्हा पंडितांचा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण ज्या औषधाच्या गुणाविषयी शंभर वर्षे वाद चालतो आणि ज्याच्या अवगुणाविषयी दुमत नाही, ते औषध कोणता शहाणा वैद्य नव्याने सुरू करील?

आपल्या मातीत

या कथेत आपल्या मुंबईचाही एक प्रसंग आहे. १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. ते हृदयरोगाचे नामांकित वैद्य होते आणि पारशी समाजातील मद्यव्यावसायिकांचा रोष पत्करून त्यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. हृदयाच्या डॉक्टराने मद्य बंद करावे आणि पुढल्या पिढीने हृदयासाठी म्हणून ते उघडावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. पुढे आलेल्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या मद्याला मुभा आहे आणि आरोग्यासाठी परवान्याचीही तरतूद आहे. त्या आरोग्य परवान्यांवर किती निरोगी माणसांनी सह्या केल्या असतील, ते देवच जाणे!

आपल्या लोकांपुरते एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातील दक्षिण आशियाई लोकांचे आकडे २००७ साली वेगळे प्रसिद्ध झाले. अन्यत्र नियमित मद्यपानाशी जोडलेला हृदयाचा लाभ आपल्या लोकांत दिसला नाही. फ्रेंच माणसाचा दाखला आपण आपल्या पेल्याला लावतो, तो असा उसना आहे.

आणि पेलाही उसनाच! फ्रेंच माणूस जेवणाबरोबर हळूहळू पितो, ती वाइन. आपल्याकडे बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेली व्हिस्की किंवा रम. तिच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. आठ टक्क्यांच्या कडक बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार लहान पेगांएवढा भरतो. ब्रिटनच्या डॉक्टरांनी २०१६ साली जी साप्ताहिक मर्यादा सांगितली, ती याच मापाने सुमारे ११२ ग्रॅम होते. अशा तीन बाटल्यांतच ती ओलांडली जाते. आणि ती संपूर्ण आठवड्याची मर्यादा आहे, हळदीच्या एका रात्रीची नव्हे. “फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्या आमच्या तरुणांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

उत्सवाचा पेला

मग ख्रिस्ती माणसाने काय करावे? ख्रिस्तसभेने मद्याला कधी पाप म्हटलेले नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, तो कोणाच्या पोटदुखीसाठी नव्हे. तो आनंदासाठी होता आणि आनंदाला वैद्याच्या दाखल्याची गरज नसते. संत थॉमस अक्विनास यांनी संयमाचा विचार करताना सांगितले, की द्राक्षारस स्वभावतः निषिद्ध नाही. पण ज्याला तो सहज बाधतो, ज्याने व्रत घेतले आहे, ज्याचे प्रमाण सुटते किंवा ज्याच्या पिण्याने दुसऱ्याला ठेच लागते, त्याला तो निषिद्ध होतो. सातशे वर्षांपूर्वीचे हे विवेचन आजच्या संशोधनानेही डळमळत नाही, कारण ते मिलिलिटरवर उभे नाही. ते माणसाकडे आणि त्याच्या शेजाऱ्याकडे पाहते.

ख्रिस्तसभेचे हे शहाणपण वेदीवरही दिसते. मद्य वर्ज्य असलेल्या धर्मगुरूला मिस्सामध्ये ‘मुस्तुम’, म्हणजे आंबण्याची क्रिया सुरू होताच थांबविलेला द्राक्षांचा रस वापरण्याची परवानगी मिळते. २००३ साली रोमने तसे पुन्हा स्पष्ट केले. वेदीवरच्या पेल्यातही जर ख्रिस्तसभा दुर्बल बांधवाचा विचार करते, तर लग्नाच्या मेजावर आपण तो का करू नये? व्यसनातून उठलेल्या माणसाला “एकाने काय होते?” असे म्हणून आग्रह करणारा पाहुणचार कोणत्या शास्त्रात बसतो? त्याच्यासाठी ‘माफक’ हे माप अस्तित्वातच नाही.

फादर कलन यांच्या पायोनियरांनी आपल्या प्रकृतीच्या लाभाचा विचार केला नाही. त्यांनी दुसऱ्याच्या संसाराचा विचार केला. पिणाऱ्याच्या हृदयाविषयी एवढे संशोधन झाले. त्याची वाट पाहत दिवा लावून बसलेल्या पत्नीच्या हृदयाची मोजणी कोणत्या आलेखात झाली? आमच्या सेवाकाळात अंत्यविधी करताना आणि तुटलेली घरे सावरताना हा प्रश्न आम्हांला सतत भेटत आला आहे.

म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. जो पीत नाही, त्याने आरोग्याच्या नावाने सुरुवात करू नये. तसा सल्ला देण्याजोगा आधार उरलेला नाही. जो सणासुदीला थोडे घेतो, त्याने ते आनंद म्हणून, मोजून आणि कृतज्ञतेने घ्यावे. त्याला औषधाचे नाव देऊ नये. ज्याला थांबता येत नाही, त्याने लाज न बाळगता मदत मागावी. आपल्या धर्मगुरूचे दार त्यासाठी उघडे आहे. आणि संत पौलाला साक्षीला बोलाविताना त्याची संपूर्ण साक्ष घ्यावी. तीमथ्याला थोडा द्राक्षारस सुचविणारा तोच पौल रोमकरांस सांगतो, की आपल्या खाण्यापिण्याने भावाला अडखळण होत असेल, तर ते सोडून देणे बरे.